ब्रसेल्स ते टँजियर : मोटारीच्या लांब सफरीचा हिशेब

व्यापारात माल चांगला असून भागत नाही, तो वेळेवर पोहोचावा लागतो. भिवंडीहून निघालेली गासडी बंदरावर एक दिवस उशिरा पोहोचली आणि जहाज सुटले, तर पुढच्या जहाजापर्यंत गोदामाचे भाडे, गिऱ्हाइकाची नाराजी आणि बँकेचे व्याज हे सर्व आपल्या खात्यावर चढते. माणसांच्या प्रवासाचेही तसेच आहे. फरक इतकाच, की मालाचे नुकसान भरून निघते, माणसाचे निघत नाही.

युरोपात दरवर्षी उन्हाळ्यात असा एक प्रवास होतो, ज्यात माल आणि माणसे एकाच गाडीत असतात. फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड आणि जर्मनीत स्थायिक झालेली मोरोक्कन कुटुंबे आपापल्या मोटारीने स्पेन ओलांडून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपर्यंत येतात आणि फेरीबोटीने मायदेशी जातात. मोरोक्कोने १९६३ साली फ्रान्स व जर्मनीशी, १९६४ साली बेल्जियमशी आणि १९६९ साली हॉलंडशी कामगार पाठविण्याचे करार केले. त्या कराराने गेलेल्यांची आता तिसरी-चौथी पिढी आहे. परंतु सुट्टीत वतनाकडे जाण्याची रीत मोडलेली नाही. मुंबईचा चाकरमानी जसा कोकणात जातो, तसेच हे आहे. अंतर मात्र सव्वादोन हजार किलोमीटरचे, वाटेत तीन-चार देश आणि शेवटी समुद्र.

या गर्दीसाठी स्पेन सरकार १९८० च्या दशकापासून दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर खास बंदोबस्त ठेवते. मोरोक्कोच्या बाजूने 'मरहबा' या नावाने पाचव्या मोहम्मद यांच्या नावाची संस्था स्वागताची व्यवस्था पाहते. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे हा बंदोबस्त झाला नाही. २०२३ साली दोन्ही दिशांनी मिळून तीस लाखांहून अधिक प्रवासी आणि सात लाखांहून अधिक गाड्या स्पेनच्या बंदरांतून गेल्या-आल्या. एवढ्या गर्दीत जो हिशेब करून निघतो तो सुखाने पोहोचतो. जो नुसता निघतो त्याचे काय होते, ते एका उदाहरणावरून सांगतो.

एका रात्रीची घाई

माझे एक जुने परिचित ब्रसेल्समध्ये कापडाचे घाऊक व्यापारी आहेत. मूळचे मोरोक्कोचे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या बहिणीचा निकाह वतनात ठरला. स्वतः ते चार दिवस आधी निघाले. धाकट्या भावाला दुकानातून रजा उशिरा मिळाली. त्याने ठरविले की रात्रंदिवस गाडी हाकायची आणि दीड दिवसात बंदर गाठायचे. गाडीत बायको, दोन मुले, टपावर आहेराचे सामान. फेरीचे तिकीट नेमक्या वेळेचे काढलेले. उत्तर स्पेनमध्ये पहाटे चारच्या सुमारास त्याचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर आदळली. अल्लाहच्या कृपेने चौघेही वाचले. लहान मुलाचा हात मोडला. गाडी तेथेच राहिली, तिकीट वाया गेले आणि निकाहाच्या दिवशी ते कुटुंब इस्पितळात होते. मोठे बंधू मला म्हणाले, "भाईसाहब, आम्ही दुकानात एक मीटर कापड दोनदा मोजतो. सव्वादोन हजार किलोमीटर एकदाही मोजले नाहीत."

हा लेख त्या मोजणीबद्दल आहे.

पहिले मोजमाप : तास, किलोमीटर नव्हे

नकाशावर आकडा किलोमीटरचा असतो, पण शरीर तास मोजते. युरोपात ट्रकचालकांसाठी कायदा आहे. साडेचार तास गाडी चालविल्यावर पाऊण तास विश्रांती, आणि दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त चालवायचे नाही. आठवड्यात फक्त दोन वेळा दहा तासांची सवलत. पोटासाठी रोज गाडी चालविणाऱ्या, सराव असलेल्या माणसाला ही मर्यादा आहे. मग वर्षातून एकदा लांब पल्ल्याला निघणाऱ्या, मागे मुले रडत असलेल्या गृहस्थाने तिच्यापेक्षा कमीच चालवावे, हे सरळ आहे.

महामार्गावर फ्रान्समध्ये ताशी १३० किलोमीटर (पावसात ११०) आणि स्पेनमध्ये १२० ची मर्यादा आहे. परंतु पेट्रोल, खाणे, नमाज, मुलांची नैसर्गिक गरज आणि टोलनाक्यावरची रांग धरली तर दिवसभराची सरासरी ८०-८५ च्या वर जात नाही. म्हणजे आठ तासांत ६४० ते ६८० किलोमीटर. हा दिवसाचा खुराक. त्यानुसार ब्रसेल्सहून मांडणी अशी होते :

पहिला दिवस : ब्रसेल्स ते पॅरिस ३१० आणि पुढे ए-१० महामार्गाने पॉतिए ३४०, एकूण ६५०.

दुसरा दिवस : पॉतिए ते बोर्दो २५०, बोर्दो ते सरहद्दीवरचे इरुन २०५, इरुन ते बुर्गोस २३०, एकूण ६८५.

तिसरा दिवस : बुर्गोस ते माद्रिद २४५, माद्रिद ते कॉर्डोबा ४००, एकूण ६४५.

चौथा दिवस : कॉर्डोबाहून मालागामार्गे अल्जेसिरास बंदर ३००.

हे आकडे अदमासाचे असले तरी नियोजनाला पुरेसे आहेत. चौथा दिवस मुद्दाम हलका ठेवला आहे. आधीच्या तीन दिवसांत काही खोळंबा झाला, तर तो चौथ्या दिवसात जिरतो. आपण पार्टीला माल देण्याची तारीख सांगताना चार दिवस हातचे राखून सांगतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय कॉर्डोबाला मुक्काम पडला तर इ.स. ७८५ मध्ये बांधकाम सुरू झालेली तेथील पुरातन मशीद बाहेरून तरी मुलांना दाखविता येते. आज ती वास्तू कॅथेड्रल आहे आणि आत जाण्यास तिकीट लागते.

माद्रिदची गर्दी नको असेल त्यांनी बुर्गोसहून सालामांका, मेरिदा, सेव्हिल असा पश्चिमेचा रस्ता धरावा. वाहतूक कमी असते, मात्र रस्त्यात मोठी शहरेही कमी आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण स्पेनात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा तो टप्पा सकाळी लवकर निघून दुपारपूर्वी उरकावा.

दुसरे मोजमाप : दिवस कोणता

फ्रान्समध्ये सरकारच्या वतीने 'बिझाँ फ्युते' नावाची सेवा प्रत्येक दिवसाला गर्दीप्रमाणे रंग देते. हिरवा म्हणजे मोकळा, नारिंगी म्हणजे अवघड, लाल म्हणजे फार अवघड आणि काळा म्हणजे निघूच नये. जुलैच्या शेवटच्या व ऑगस्टच्या पहिल्या शनिवारांवर बहुधा लाल किंवा काळा शिक्का असतो. हे वेळापत्रक आधीच जाहीर होते. तरीही हजारो लोक नेमके त्याच शनिवारी निघतात, कारण शुक्रवारी सुट्टी लागलेली असते. मंगळवारी किंवा बुधवारी निघणारा माणूस कित्येक तास वाचवितो. रविवारी फ्रान्समध्ये मोठ्या ट्रकांना सहसा बंदी असते, त्यामुळे तो दिवसही बरा.

बंदरातली गर्दी याच लाटेवर चालते. जाण्याची लाट जुलैअखेर व ऑगस्टच्या प्रारंभी आणि परतीची ऑगस्टच्या अखेरीस. त्यात ईद जवळ आली की गर्दी आणखी वाढते. सुट्टीच्या तारखा मालकाच्या हातात असतील तर तीन महिने आधी बोलून चार दिवस इकडेतिकडे करून घ्यावेत. येथे संकोच करणारा माणूस पुढे भर उन्हात रांगेत उभा राहतो.

तिसरे मोजमाप : फेरी कोणती

सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी अवघी १४ किलोमीटर आहे. पलीकडचा किनारा डोळ्यांना दिसतो. पण जेथे पाणी सर्वांत कमी, ती फेरी सर्वांना सोयीची असतेच असे नाही. आपले गाव मोरोक्कोच्या कोणत्या भागात आहे ते पाहून बंदर ठरवावे.

अल्जेसिरास ते टँजियर-मेड ही मुख्य फेरी. सुमारे दीड तास लागतो. टँजियर-मेड हे नवे बंदर आहे. प्रवाशांसाठी ते २०१० साली खुले झाले. टँजियर शहरापासून ते चाळीसेक किलोमीटर दूर आहे, हे पुष्कळांना पोहोचल्यावर कळते. रबात, कासाब्लांका, माराकेशकडे जाणाऱ्यांना मात्र तेथून थेट महामार्ग मिळतो.

तारिफा ते टँजियर शहर ही फेरी सुमारे तासाची. पण येथे 'लेव्हान्ते' नावाचा पूर्वेचा वारा सुटला की जलद बोटी बंद पडतात. निश्चित वेळ पाळायची असेल तर या फेरीवर विसंबू नये.

अल्जेसिरास ते सेउता हीसुद्धा तासाभराची. सेउता आफ्रिकेच्या भूमीवर असले तरी स्पेनच्या ताब्यात आहे. म्हणून मोरोक्कोत शिरण्याची तपासणी पुढे जमिनीवरच्या नाक्यावर होते आणि तेथे रांगा लागतात.

नादोर, ऊज्दा या पूर्व भागातल्यांनी अल्जेसिरासला जाऊच नये. फ्रान्समधून बार्सिलोना, व्हॅलेन्सियामार्गे भूमध्य किनाऱ्याने अल्मेरियाला यावे आणि तेथून नादोरची फेरी घ्यावी. समुद्रात पाच-सहा तास जातात, पण मोरोक्कोतला डोंगरी रस्ता वाचतो.

ज्यांना गाडी चालवायचीच नाही, वय झाले आहे किंवा चालक एकटाच आहे, त्यांच्यासाठी फ्रान्सच्या सेत, स्पेनच्या बार्सिलोना व इटलीच्या जेनोआ बंदरांतून लांब पल्ल्याची जहाजे आहेत. एक ते दोन रात्री समुद्रात जातात. भाडे ऐकून माणूस दचकतो. परंतु त्यातून पेट्रोल, टोल, हॉटेल आणि गाडीची झीज वजा करून मग बोलावे.

तिकीट काढताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, गाडीची लांबी आणि उंची. भाडे यावर असते, आणि टपावर सामान बांधल्यावर जी उंची होते तीच खरी उंची. बंदरावर फरक निघाला तर पैसे भरावे लागतात. दोन, तिकीट बदलता येते काय. दोन पैसे जास्त देऊन बदलता येणारे तिकीट घेणे यात शहाणपण आहे. गर्दीच्या दिवसांत स्पेनचे अधिकारी एका कंपनीचे तिकीट दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर चालू देतात, पण ती सवलत जाहीर झाली तरच. तीन, वेळ. उन्हाळ्यात मोरोक्कोचे घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असते आणि तिकिटावर त्या त्या बंदराची स्थानिक वेळ छापलेली असते. रमजानमध्ये मोरोक्को आपले घड्याळ आणखी एक तास मागे घेतो. परतीच्या प्रवासात यावरून घोटाळे होतात.

चौथे मोजमाप : कागद

माझ्या परिचितांच्या म्हणण्याप्रमाणे बंदरावर खोळंबणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्या कागदांमुळे खोळंबतात. मुख्य कागद असे :

विम्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात. यावर देशांची अक्षरे छापलेली असतात. मोरोक्कोची अक्षरे 'एमए'. बऱ्याच विमा कंपन्या ही अक्षरे काट मारून देतात, म्हणजे त्या देशात विमा लागू नाही. कार्ड हातात पडताच ही अक्षरे पाहावीत आणि काट असेल तर निघण्यापूर्वीच कंपनीशी बोलावे. न जमल्यास मोरोक्कोच्या नाक्यावर मुदतीचा विमा मिळतो, पण पैसा आणि वेळ दोन्ही जातात.

गाडीची मालकी. गाडी भावाच्या, सासऱ्याच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर मालकाचे रीतसर प्रमाणित केलेले संमतिपत्र लागते. घरची गाडी आहे, हे तोंडी सांगणे चालत नाही.

गाडीचा तात्पुरता प्रवेश. परदेशी नंबराची गाडी मोरोक्कोत वर्षातून सहा महिन्यांपर्यंत ठेवता येते आणि ती आणणाऱ्याच्या नावावर नोंदली जाते. गाडी तेथे ठेवून विमानाने परत जायचे मनात असेल तर आधी कस्टमला विचारावे, नाहीतर बाहेर पडताना अडचण येते.

सर्वांचे पासपोर्ट, तान्ह्या मुलाचाही. आई किंवा वडील यांपैकी एकटेच मुलांना घेऊन जात असतील तर दुसऱ्याचे संमतिपत्र जवळ असावे.

रोकड. दहा हजार युरो किंवा त्याहून अधिक रक्कम घेऊन युरोपीय संघाबाहेर पडताना किंवा परत शिरताना ती जाहीर करणे बंधनकारक आहे. लपविलेली रक्कम जप्त होऊ शकते. निकाहासाठी, घर बांधण्यासाठी पैसे नेणाऱ्यांनी बँकेतून पाठवावेत, हे उत्तम.

पाचवे मोजमाप : वजन

आता आपल्या धंद्याच्या जवळचा विषय. या गाड्यांचे टप पाहिले तर भिवंडीचा टेम्पो आठवतो. गालिचे, सायकली, शिलाई यंत्रे, कपड्यांच्या पिशव्या. प्रेमाने नेलेल्या वस्तू असतात. पण गाडीच्या नोंदणीपत्रावर तिचे जास्तीत जास्त एकूण वजन लिहिलेले असते. समजा ते २,००० किलो आहे आणि रिकामी गाडी १,४५० किलोची. राहिले ५५० किलो. पाच माणसांचे ३५० गेले. सामानासाठी उरले २०० किलो, त्यातून टपावर गाडीच्या पुस्तिकेत जेवढे लिहिले असेल तेवढेच. बहुतेक गाड्यांत ते पन्नास ते शंभर किलोच्या दरम्यान असते. जास्त भार म्हणजे ब्रेक लांब लागणार, टायर तापणार आणि चाळीस अंशांच्या उन्हात फुटणार. भरलेल्या गाडीसाठी टायरमध्ये हवा किती भरायची, तो आकडा दरवाजाच्या आतल्या पट्टीवर असतो. तो फार थोडे लोक वाचतात.

दुसरे, घरगुती वापराचे सामान आणि विक्रीचा माल यांत कस्टम फरक करते. चार शर्ट भेट म्हणून चालतात. एकाच मापाचे, एकाच रंगाचे साठ शर्ट म्हणजे व्यापार, आणि व्यापारावर जकात आहे. व्यापार करायचा तर बिल करून, माल वेगळा पाठवून करावा. कुटुंबाच्या गाडीत लपवून केलेल्या व्यापारात दोन पैसे सुटतील, पण त्यासाठी मुलाबाळांसमोर सर्व सामान रस्त्यावर उलगडण्याची पाळी येते. परतीच्या वेळीही ध्यानात ठेवावे की युरोपीय संघात बाहेरून मांस व दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. आईने बांधून दिलेले सुके मांस नाक्यावर टाकून द्यावे लागते.

पैशाचा ताळा

खर्चाचे आकडे दरवर्षी बदलतात, रीत बदलत नाही. समजा गाडी १०० किलोमीटरला सात लिटर पेट्रोल खाते. २,२८० किलोमीटरला सुमारे १६० लिटर झाले. लिटरला १.६० युरो धरले तर २५६ युरो. त्यात फ्रान्सचा टोल, तीन रात्रींचे हॉटेल, खाणे आणि फेरीचे भाडे मिळवावे. मग हे सर्व दुप्पट करावे, कारण परत यायचे आहे. वर दहा टक्के अडीअडचणीसाठी. ही बेरीज पाच माणसांच्या विमानभाड्याशी आणि तेथे भाड्याच्या गाडीच्या खर्चाशी ताडून पाहावी. मोठ्या कुटुंबाला मोटार सहसा परवडते. दोघांनाच जायचे तर पुष्कळदा विमान स्वस्त पडते.

वाचविण्याच्या जागा थोड्या आहेत. पेट्रोल सहसा स्पेनमध्ये फ्रान्सपेक्षा स्वस्त असते, म्हणून सरहद्द ओलांडून टाकी भरावी. बुर्गोसजवळचा एपी-१ महामार्ग २०१८ च्या अखेरीस टोलमुक्त झाला आहे. किनाऱ्याच्या एपी-७ चा बराच भाग २०२० आणि २०२१ मध्ये मोकळा झाला. वाचवू नये अशी जागा एकच : रात्रीचा मुक्काम. माझ्या परिचितांच्या भावाने तीन रात्रींचे हॉटेल वाचविले होते.

आणखी एक सावधगिरी. भूमध्य किनाऱ्याच्या महामार्गावर भामटे शेजारून जाताना "तुमचा टायर बसला" अशी खूण करतात, गाडी थांबली की सामान पळवितात. खूण झाली तरी पुढच्या गजबजलेल्या पंपावरच थांबावे. गाडीत पाणी, औषधे, परावर्तक जाकीट आणि धोक्याचा त्रिकोण हाताशी असावा, सामानाच्या तळाशी नव्हे.

आपल्याकडच्यांसाठी

ब्रिटनमध्ये आपले पुष्कळ कोकणी बांधव आहेत. त्यांना या मार्गाने जायचे तर समुद्र दोनदा ओलांडावा लागतो. डोव्हर-कॅले फेरी दीड तासाची. किंवा दक्षिण इंग्लंडमधून थेट उत्तर स्पेनला जाणारे जहाज, ज्यामुळे सारा फ्रान्स वाचतो. ब्रिटिश आणि भारतीय पासपोर्टधारकांसाठी शेंगेन देशांच्या सरहद्दीवर बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची नवी पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यासाठी जास्तीचा वेळ धरावा.

भारतातून जाणाऱ्यांनी शेंगेन व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा मागावा. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर मोरोक्कोला पाय लावल्यावर स्पेनमध्ये परत येता येणार नाही, आणि परतीचे विमान माद्रिदहून असेल तर मोठा पेच पडेल. मोरोक्कोचा व्हिसा वेगळा लागतो. गाडी चालवायची असेल तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, त्याची मुदत एक वर्ष असते. भाड्याची गाडी बहुतेक कंपन्या युरोपबाहेर नेऊ देत नाहीत. ती अल्जेसिरासला ठेवून पायी फेरीत चढावे आणि पलीकडे दुसरी घ्यावी.

माझे परिचित आजही दर उन्हाळ्यात जातात. आता दोघे भाऊ दोन गाड्या घेऊन बरोबर निघतात, बुधवारी सकाळी, आणि तीन मुक्काम करतात. धाकटा भाऊ निघण्यापूर्वी एका कागदावर चार दिवसांचे टप्पे लिहून तो गाडीच्या काचेमागे लावतो. त्याचा मुलगा आता मोठा झाला आहे. वाटेत प्रत्येक टप्पा पार पडला की तो त्या कागदावर खूण करतो. चौथी खूण बंदरावर होते.